छातीचा फोटो आणि ‘पेशंट वाचेल ना?’ हा प्रश्न

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांजवळ एक वस्तू हमखास असते. ती म्हणजे छातीच्या फोटोचे मोठे पाकीट. रुग्ण आत कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर असतो. तो बोलू शकत नाही, बहुधा त्याला गुंगीत ठेवलेले असते. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे भेट मिळते. अशा वेळी तो फोटोच उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिला जातो. कालच्यापेक्षा पांढरे वाढले की कमी झाले? मोबाईलवर त्याची प्रतिमा काढून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडे पाठवली जाते. आणि डॉक्टर बाहेर आले की सगळे उठून उभे राहतात. “डॉक्टर, फोटोवरून काय वाटते? पेशंट वाचेल ना?”

या प्रश्नाच्या उत्तरावर घरातले पुष्कळ काही अवलंबून असते. रुग्णाला मोठ्या शहरात हलवायचे की नाही, आणखी कर्ज काढायचे का, परगावी दिलेल्या मुलीला आजच बोलावून घ्यायचे का, हे सारे त्यावर ठरते. म्हणून फोटोवरून रुग्णाचे भवितव्य कितपत सांगता येते, हे आज जरा सविस्तर पाहू. उत्तर आधीच सांगून टाकतो. उपचार ठरविण्यासाठी फोटो फार उपयोगी आहे, भाकितासाठी मात्र बेताचाच.

वायुकोश भरतात तेव्हा

निरोगी माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. द्राक्षाच्या घडासारखी त्यांची रचना असते. प्रत्येक वायुकोशाला अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे बिलगलेले असते आणि दोहोंमधील पडद्यातून प्राणवायू रक्तात शिरतो. हा पडदा कमालीचा पातळ असतो. शरीरात मोठा जंतुदोष झाला, वा अन्य कारणाने मोठी सूज आली, की हा पडदा झिरपू लागतो. रक्तातील प्रथिनयुक्त पाणी वायुकोशांत उतरते, काही वायुकोश पाण्याने भरतात, काही मिटून जातात. तेथे हवाच पोहोचत नाही. मग बाहेरून कितीही प्राणवायू दिला तरी रक्तात तो पुरेसा जात नाही.

या अवस्थेला डॉक्टर ‘ए.आर.डी.एस.’ म्हणतात. आपण तिला तीव्र श्वसन-निकामी अवस्था म्हणू. अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉ. ॲशबॉ, डॉ. पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा १२ रुग्णांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. कोणी अपघातातला, कोणी न्यूमोनियाचा, कारणे वेगवेगळी. पण सर्वांची धाप सारखी, फुप्फुसे ताठर, आणि छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरे ढग. त्या १२ जणांपैकी सात दगावले.

आपल्याकडेही कारणे अनेक आहेत. न्यूमोनिया आणि रक्तात पसरलेला जंतुदोष ही मुख्य. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस, काही भागांत फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया, २००९ पासून स्वाईन फ्लू आणि २०२० नंतर कोविड. स्वादुपिंडाची तीव्र सूज, मोठे अपघात, बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाणे, यांतूनही ती उद्भवते. हृदय कमजोर झाल्यानेही फुप्फुसांत पाणी साठते, पण तो आजार निराळा आणि त्याचे उपचारही निराळे.

एक भागाकार

आजाराची तीव्रता मोजण्याची सर्वमान्य पद्धत फोटोवर आधारलेली नाही, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. ती एका साध्या भागाकारावर आधारलेली आहे. मनगटातील धमनीतून रक्त घेऊन त्यातील प्राणवायूचा दाब मोजतात. रुग्णाला जी हवा दिली जात आहे तीत प्राणवायूचे प्रमाण किती, त्याने या दाबाला भागतात. तुमच्या-आमच्यासारख्या निरोगी माणसात हा दाब ९० ते १०० मिलिमीटर असतो, आणि साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणजे ०.२१. भागाकार येतो साडेचारशेच्या घरात. आता एखाद्या रुग्णाला ८० टक्के प्राणवायू देऊनही रक्तातील दाब ६४ च भरला, तर भागाकार येईल ८०.

बर्लिन येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून २०१२ साली जी व्याख्या पुढे आली, तिच्यानुसार हा आकडा २०० ते ३०० दरम्यान असेल तर आजार सौम्य, १०० ते २०० असेल तर मध्यम आणि १०० किंवा त्याखाली असेल तर तीव्र. चार हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मृत्यूचे प्रमाण सौम्य गटात २७ टक्के, मध्यम गटात ३२ टक्के आणि तीव्र गटात ४५ टक्के आढळले. ‘सौम्य’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला तरी निर्धास्त होऊ नये, हे या आकड्यांवरून दिसतेच.

याच तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. छातीच्या फोटोचे चार भाग कल्पून, त्यांतील तीन किंवा चारही भाग पांढरे असतील तरच आजाराला तीव्र म्हणावे, अशी अट घालून त्यांनी पडताळा घेतला. तिच्या जोडीला फुप्फुसाच्या ताठरपणाच्या वगैरे आणखी काही अटी होत्या. पण या अटी घालूनही कोण वाचेल, कोण नाही, याचे भाकीत काडीइतकेही सुधारले नाही. तेव्हा त्या सरळ काढून टाकण्यात आल्या. निदानासाठी फोटोत दोन्ही बाजूंना पांढरेपणा हवा, एवढेच राहिले.

फोटो फसवतो कसा

अतिदक्षता विभागातील फोटो आणि तुम्ही एक्स-रे केंद्रात उभे राहून काढलेला फोटो यांत फार फरक असतो. रुग्ण पलंगावर उताणा असतो, फिरते यंत्र जवळ आणून फोटो काढला जातो. “श्वास रोखून धरा” असे सांगण्याची सोय नसते. पाठीमागे थोडे पाणी साठले असेल तर ते सगळीकडे पसरून संपूर्ण बाजू धुरकट दिसते. दुसरे म्हणजे यंत्राचा दाब. काल फोटो काढताना व्हेंटिलेटरचा दाब कमी होता आणि आज वाढवला आहे, तर फुप्फुस जास्त फुगल्यामुळे आजचा फोटो काळा, म्हणजे चांगला दिसेल. आजार मात्र होता तेथेच असू शकतो. नातेवाइकांना हा फरक कळण्याचा मार्गच नसतो, आणि खरे सांगायचे तर घाईत आम्हा डॉक्टर मंडळींच्याही तो ध्यानात राहत नाही.

फोटो वाचणाऱ्यांतही एकमत नसते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजारातील २१ नामवंत जाणकारांना तेच २८ फोटो दाखविण्यात आले आणि प्रत्येक फोटो या आजाराच्या व्याख्येत बसतो का, एवढेच विचारले. एका तज्ज्ञाच्या मते फक्त ३६ टक्के फोटो बसत होते, तर दुसऱ्याच्या मते ७१ टक्के. फोटो तेच, पाहणारेही पारंगत!

यावर उपाय म्हणून फोटोला पद्धतशीर गुण देण्याची एक रीत २०१८ साली पुढे आली. चार भाग करायचे, प्रत्येक भागात पांढरेपणा किती पसरला आहे याला शून्य ते चार गुण, तो किती दाट आहे याला एक ते तीन गुण, त्यांचा गुणाकार करून चारही भागांची बेरीज. जास्तीत जास्त ४८. ज्यांचे गुण अधिक, त्यांच्यात मृत्यू अधिक, असे आढळले. पण मला अधिक मोलाचे वाटते ते दोन वर्षांनी फ्रान्समधील रुग्णांवर केलेले निरीक्षण. पहिल्या काही दिवसांत ज्यांचे गुण उतरत गेले, ते जगण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे एका फोटोपेक्षा फोटोंची मालिका जास्त बोलते. पाकिटातला फक्त ताजा फोटो पाहून धीर सोडणाऱ्यांनी, किंवा हुरळून जाणाऱ्यांनी, हे ध्यानात घ्यावे.

मिलानच्या डॉक्टरांनी काय पाहिले

साध्या फोटोत सगळे फुप्फुस सारखेच पांढरे दिसत असल्याने, आजार सगळीकडे सारखा पसरलेला आहे अशीच पुष्कळ वर्षे समजूत होती. इटलीतील मिलान येथे डॉ. लुचानो गॅटिनोनी यांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढले आणि समजूत पार बदलली. सीटी स्कॅनमध्ये छातीचे पावाच्या कापांसारखे आडवे छेद दिसतात. त्यांत दिसले की उताण्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पुढचा, छातीकडील भाग पुष्कळसा हवेशीर आहे आणि पाठीकडील भाग गच्च भरलेला आहे. हवा खेळणारा भाग एवढा लहान, की धिप्पाड माणसाच्या छातीत जणू पाच-सहा वर्षांच्या मुलाचे फुप्फुस. गॅटिनोनींनी त्याला ‘बेबी लंग’ म्हटले. आपण बाळफुप्फुस म्हणू.

या एका शब्दाने उपचाराची दिशा ठरविण्यास मोठी मदत झाली. फुप्फुस लहान मुलाएवढे उरले असेल, तर यंत्राने मोठ्या माणसाएवढी हवा त्यात कोंबणे म्हणजे ते फाडणेच. पुढे अमेरिकेत ८६१ रुग्णांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना जुन्या पद्धतीने दर किलो वजनामागे १२ मिलिलिटर हवा, निम्म्यांना ६ मिलिलिटर. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोठ्या श्वासांच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासांच्या गटात ३१ टक्के. येथे वजन म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे, उंचीवरून काढलेले वजन. पोट सुटले म्हणून काही फुप्फुस मोठे होत नाही! १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे असे वजन ६६ किलो धरतात, म्हणजे एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर हवा. गंमत अशी की पहिले काही दिवस रक्तातील प्राणवायू मोठ्या श्वासांच्या गटातच चांगला होता. आकडे चांगले दिसत होते आणि रुग्ण जास्त दगावत होते.

सीटी स्कॅनने दुसरा धडा दिला तो पालथे झोपविण्याचा. रुग्णाला पालथे केले तर चांगला पुढचा भाग खाली येईल, त्याला जास्त रक्त मिळेल, असा मूळ हिशेब होता. पण पालथे करून स्कॅन काढला तर काय, पाठीचा गच्च भाग मोकळा झालेला आणि पांढरेपणा आता छातीकडे सरकलेला! घरातल्या भाकऱ्यांची चळत आठवा. वरची भाकरी फुगलेली राहते, खालच्या वरच्यांच्या भाराने दबून चपट्या होतात. सुजलेले, जड झालेले फुप्फुस आपल्याच भाराखाली असेच दबते. पाठीकडे फुप्फुसाचा भाग जास्त असल्याने पालथे केल्यावर एकूण फायदा होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधील ४६६ रुग्णांच्या अभ्यासात दररोज किमान १६ तास पालथे ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, उताणे ठेवलेल्यांपैकी ३२.८ टक्के. मृत्यू निम्म्यावर आणणारे उपाय या आजारात फार थोडे आहेत. कोविडच्या काळात घरोघरी “पालथे झोपा” असे सांगितले जात होते, त्याचे मूळ या स्कॅनमध्ये आहे.

आता भाकिताकडे वळू. गॅटिनोनींनीच २००६ साली ६८ रुग्णांचे स्कॅन कमी आणि जास्त दाबावर काढून, मिटलेल्या भागांपैकी किती भाग दाबाने पुन्हा उघडतो ते मोजले. कोणाला वाटेल, ज्याचे फुप्फुस जास्त उघडते त्याचे नशीब चांगले. निघाले उलटेच. ज्यांचे फुप्फुस जास्त उघडण्याजोगे होते त्यांच्यातच मृत्यू अधिक होते. कारण उघडण्याजोगे पुष्कळ असणे याचाच अर्थ मुळात पुष्कळ मिटलेले असणे, सूज जास्त असणे, फुप्फुस जड असणे. स्कॅनमधील एखादी गोष्ट चांगली की वाईट, हे वरवर पाहून ठरविता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जपानमधील डॉ. इचिकादो यांनी स्कॅनमधील आणखी एका खुणेकडे लक्ष वेधले. सूज भरून येताना काही रुग्णांच्या फुप्फुसात चिवट तंतू तयार होऊ लागतात आणि ते लहान श्वासनलिकांना ओढून रुंद करतात. ही खूण सुरुवातीच्या स्कॅनमध्येच पुष्कळ जागी दिसली, तर व्हेंटिलेटर लांबण्याची आणि मृत्यूची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. भाकितासाठी स्कॅनमधील ज्या खुणा खरोखर कामाच्या आहेत, त्यांत मी हिची गणना करीन.

‘स्कोअर किती आला?’

एप्रिल-मे २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत, चहाच्या टपरीपासून लग्नघरापर्यंत, एकच आकडा बोलला जात होता. एचआरसीटीचा स्कोअर. “अठरा आला हो” म्हटले की घरात रडारड, “चार आला” म्हटले की पेढे. अनेक ठिकाणी खाट मिळण्यासाठीही आधी स्कोअर विचारला जाई. स्कॅन केंद्रांपुढे इतकी गर्दी उसळली होती, की दरांबाबत शासनाला आधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, दोन ते तीन हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली होती.

हा स्कोअर म्हणजे नेमके काय, हे मात्र फारच थोड्यांना सांगितले गेले. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे पाच खंड. प्रत्येक खंडाचा किती भाग व्यापला आहे यावर शून्य ते पाच गुण. पाच टक्क्यांहून कमी असेल तर एक, पाऊण भागाहून जास्त असेल तर पाच. बेरीज २५ पैकी. म्हणजे तो फक्त पसारा मोजतो. पांढरेपणा पातळ धुक्यासारखा आहे की दाट आहे, रक्तात प्राणवायू किती आहे, रुग्ण तीस वर्षांचा आहे की पंचाहत्तर वर्षांचा मधुमेही, यातले त्याला काही ठाऊक नसते.

शिवाय दिवस महत्त्वाचा. कोविडमध्ये फुप्फुसातील बदल लक्षणे सुरू झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या आसपास कळसाला पोहोचतात, असे २०२० मध्येच दिसून आले होते. म्हणजे तिसऱ्या दिवशी आलेला चारचा स्कोअर हा दिलासा नव्हताच, आणि बाराव्या दिवशी आलेला पंधराचा स्कोअर उतरणीवरचाही असू शकत होता. शेकडो रुग्णांचा एकत्र विचार केला तर जास्त स्कोअरवाल्यांत मृत्यू जास्त होते, ही गोष्ट खरी. पण शेकड्याचा नियम एका माणसाला लावताना जपून लावावा लागतो. अठरा स्कोअर घेऊन चालत घरी गेलेले लोक प्रत्येक तालुक्यात आहेत.

त्याच सुमारास, ३ मे २०२१ रोजी, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी स्कॅन काढू नका, एक स्कॅन म्हणजे तीन-चारशे छातीचे फोटो, असे सांगितले. त्या आकड्याला क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली. नव्या यंत्रांवर किरणांची मात्रा पुष्कळ कमी ठेवता येते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. पण सौम्य आजारात स्कॅनच्या मागे लागू नये, हा मूळ सल्लाही बरोबरच होता.

स्कॅन पाहूनच उपचार ठरवावेत का? फ्रान्समध्ये ४२० रुग्णांवर हाही प्रयोग झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध आहे. आजार फुप्फुसाच्या काही भागांपुरता आहे की सर्वत्र पसरलेला, हे फोटो वा स्कॅनवरून ठरवून त्याप्रमाणे यंत्राचा दाब आणि श्वास ठरविले. सरासरीत काहीच फायदा दिसला नाही. खोलात शिरल्यावर कळले की २१ टक्के रुग्णांचे वर्गीकरणच चुकले होते, आणि चुकीच्या गटात पडलेल्यांना त्या उपचाराने अपायच झाला. वर्गीकरण बरोबर झालेल्यांना मात्र फायदा झालेला दिसला. तेव्हा प्रतिमा जितकी महत्त्वाची, तितकेच ती वाचणारे डोळेही महत्त्वाचे.

पलंगाजवळची सोनोग्राफी

व्हेंटिलेटरवरील रुग्णाला सीटी स्कॅनसाठी हलविणे ही छोटी गोष्ट नव्हे. नळ्या, औषधांचे पंप, प्राणवायूचे सिलिंडर घेऊन लिफ्टमधून जायचे. आणि आपल्या लहान शहरांत स्कॅनचे केंद्र कित्येकदा वेगळ्याच इमारतीत. वाटेतच रुग्ण बिघडण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर “स्कॅन नको” म्हणाले तर ते हलगर्जीपणा करीत आहेत असे समजू नये.

याला पर्याय म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी पुढे आली आहे. ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी होऊच शकत नाही, असे पूर्वी शिकविले जाई. फ्रान्सचे डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाईन यांनी या अडचणीचाच उपयोग करून घेतला. निरोगी फुप्फुसात पडद्यावर नुसत्या आडव्या रेषा दिसतात. फुप्फुस ओले झाले की वरून खाली धूमकेतूच्या शेपटासारख्या उभ्या रेषा येतात. आणि पुरते भरले की ते चक्क यकृतासारखे दिसते. छातीचे बारा भाग पाडून प्रत्येकाला शून्य ते तीन असे ३६ पैकी गुण देतात. किरणोत्सर्ग नाही, रुग्ण हलवावा लागत नाही, दिवसातून दोनदाही करता येते. आफ्रिकेतील रवांडा देशात, किगाली येथे, व्हेंटिलेटर आणि रक्ततपासणीची वानवा असताना, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि सोनोग्राफी यांच्या आधारे हा आजार ओळखता येतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या जागतिक व्याख्येत या दोन्हींना मान्यता मिळाली.

आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. कायदा आवश्यकच आहे. पण त्यामुळे अतिदक्षता विभागात यंत्र ठेवायचे तर कागदपत्रांची पूर्तता आधी करावी लागते, हेही खरे.

मृत्यू बहुधा फुप्फुसामुळे होत नाही

आता मुख्य कारणाकडे येऊ. या आजारात दगावणाऱ्यांपैकी बहुसंख्य रुग्ण प्राणवायू न मिळाल्याने दगावत नाहीत. ते रक्तातील जंतुदोषाने आणि एकामागून एक अवयव निकामी होत गेल्याने दगावतात. मूत्रपिंडे बंद पडतात, रक्तदाब औषधांवाचून टिकत नाही, यकृत, मेंदू मंदावतात. छातीच्या फोटोत मूत्रपिंड दिसत नाही. तेव्हा फक्त फुप्फुस पाहून माणसाचे भवितव्य सांगणे म्हणजे एका विषयाचे गुण पाहून मॅट्रिकचा निकाल लावण्यासारखे आहे.

म्हणून डॉक्टर बाहेर आले की फोटोबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात. प्राणवायूचे प्रमाण कालपेक्षा कमी करता आले का? लघवी पुरेशी होते आहे का? रक्तदाबाची औषधे वाढली की उतरली? मूळ आजार कोणता आणि त्यावरचे औषध लागू पडते आहे का? रुग्णाला पालथे ठेवता येईल का? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांना राग येत नाही, उलट बोलणे सोपे होते. या उत्तरांचा दोन-तीन दिवसांचा कल ज्या दिशेने असेल, त्यावरून पुढचा अंदाज बराच बांधता येतो. रुग्णाला हलविण्याचा विचार असेल तर तोही लवकर, अवस्था थोडी स्थिर असताना आणि पुढच्या रुग्णालयात खाट नक्की झाल्यावर करावा. फोटो अगदी पांढरा झाला म्हणून रात्री एक वाजता घाबरून रुग्णवाहिका बोलावण्यात धोकाच अधिक.

आणि तीव्र गटातील ४५ टक्के मृत्यू हा आकडा वाचून हबकलेल्यांनी त्याची दुसरी बाजूही पाहावी. शंभरातले पंचावन्न वाचतात. वाचलेल्यांचे फुप्फुस पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतके सुधारते. कॅनडात टोरांटो येथील डॉ. मार्गारेट हेरिज यांनी अशा १०९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फुप्फुसाचे काम जवळपास पूर्ववत झालेले आढळले, मागे राहिला होता तो हातापायांचा अशक्तपणा आणि मनाचे खचलेपण. घरी आलेल्या रुग्णाचा छातीचा फोटो काही आठवडे पूर्ण स्वच्छ दिसत नाही. तो दर आठ दिवसांनी काढून पाहत बसू नये. बोटाचे ऑक्सिमीटर, रोज थोडे वाढवत नेलेले चालणे, डाळ-अंड्यांसारखा प्रथिनांचा आहार आणि ठरलेल्या तारखेला तपासणी, एवढे पुरे. चालताना प्राणवायू घसरत असेल किंवा धाप कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी नवा फोटो काढताना जुने पाकीट न विसरता बरोबर न्यावे.